काहीच न झालेले पेशंट

कोविडच्या काळात आम्ही एवढे रिपोर्ट वर पाठवले, की पुढे त्यांचं काय झालं देव जाणे. किस्से मात्र कुणी मागितले नाहीत, त्यामुळे ते आमच्याकडेच राहिले. आता ओपीडी आवरली, चहा आला, की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तो भारावाला आठवतो का?" झालं. एकातून दुसरा निघतो आणि चहा परत गरम करायला लागतो.

आधी मंडळी सांगते. मी संगमनेर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची मेडिकल ऑफिसर. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. लता सिस्टर आमची आरोग्यसेविका. माहेर केडगावचं, बोलणं सरळ आणि मोठ्यांदा. रंगनाथमामा अँब्युलन्सचे ड्रायव्हर, मूळचे पाथर्डीकडचे. ते कमी बोलतात, पण जे बोलतात ते पुढे आठवडाभर आम्ही एकमेकांना ऐकवतो.

पहिल्या लाटेत आमच्या गावातली एक आजी गेली. घरात भरपूर माणसं, पण कुणाला साधी शिंक नव्हती. नातू धडधाकट. गावभर हिंडायचा आणि आजीच्या ताटात जेवायचा. कोरोना घरात तोच घेऊन आला होता, आणि त्याला स्वतःला काही झालं नाही. लता सिस्टर त्या दिवशी फार रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "मॅडम, ज्यांना काही झालंय ते आपणहून येतात. ज्यांना काहीच झालं नाही त्यांना आपण शोधायचं. म्हाताऱ्यांपर्यंत तो पोचायच्या आत आपण पोचायचं."

तेच आमचं धोरण ठरलं. आता धोरण ठरवायला काय जातंय? चांगल्या ठणठणीत माणसाला 'बाबा रे, तू पेशंट आहेस' हे पटवून बघा एकदा.

* * *

पहिला नंबर बाळूचा. तो एका पॉझिटिव्हच्या संपर्कात आला होता म्हणून स्वॅब घेतला. रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. आम्ही तिघं अँब्युलन्स घेऊन त्याच्या वस्तीवर गेलो, तर साहेब डोक्यावर गवताचा एवढा मोठा भारा घेऊन रानातून येतायत.

"बाळू, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. चल."

"कुनाचा?"

"तुझाच."

"म्हंजी मी पेशंट?"

"हो."

त्यानं भारा धाडकन खाली टाकला. "मग आता ह्यो तुमी उचला. पेशंटनं वजन उचलू न्हाई म्हनत्यात."

मी मामांकडे बघितलं. मामा आभाळाकडे बघायला लागले. लता सिस्टर मागे हटणारी नाही. तिनं पीपीई किटमध्येच वाकून भाऱ्याला हात घातला. भारा हलला नाही, सिस्टरच मटकन खाली बसली. बाळूला तिची दया आली. "ऱ्हाऊ द्या सिस्टर, तुमालाच काहीतरी हुईल," म्हणत त्यानं भारा परत डोक्यावर घेतला, गाईंपुढे टाकला, हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि पिशवी घेऊन सरळ मामांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

मामा म्हणाले, "मागं बस. पेशंट मागं बसत्यात."

"मागं झोपायचं असतंय. मला कुठं झोप आली?"

शेवटी बसला मागे, पण कोविड सेंटर येईपर्यंत उभाच होता. त्याच्या घरी हार्टचे पेशंट असलेले वडील होते. त्यांना आम्ही त्याच दिवशी लेकीकडे वेगळ्या खोलीत ठेवायला लावलं. त्यांना काही झालं नाही. आमचा हिशेब तेवढाच होता.

* * *

मग उभा राहिला दुधाचा प्रश्न. आमच्याकडे घरटी दोन-चार गाई, आणि सगळं घर दुधावर चालतं. कुणीतरी पिल्लू सोडलं, की ज्याच्या घरात पॉझिटिव्ह निघेल त्याचं दूध डेअरी घेणार नाही. मग तपासणीला येतंय कोण! आम्ही टेबल मांडून बसायचो आणि गावातली कुत्री तेवढी येऊन वास घेऊन जायची.

मी सकाळी उठून दूध संकलन केंद्रावरच गेले. दूध संस्थेचे चेअरमन तात्या तिथंच असतात. गावात त्यांचा शब्द चालतो. मी त्यांना सगळ्यांसमोर जाहीर करायला लावलं, की दूध कुणाचंही परत जाणार नाही, कॅन दारात ठेवायचा, शेजारी आणून घालेल. तात्यांनी ते केलं. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

"मॅडम, एक सांगा. मानूस खातोय, पितोय, रानात राबतोय. लक्षन न्हाई तर रोग कसा?"

मी म्हटलं, "तात्या, कॅनमधलं दूध नुसतं बघून त्यात पाणी किती घातलंय ते सांगता येतं का?"

"छ्या. मशिनला लावावं लागतंय."

"माणसाचंही तसंच. दिसायला सगळे पांढरेशुभ्र."

रांगेत खसखस पिकली. मला कळेना एवढं हसायला काय झालं. मग बघते तर सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळल्या होत्या. गंगाधर नाव त्याचं. तो बिचारा आपल्या कॅनच्या झाकणाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलापुढे पहिला कोण? गंगाधर. स्वॅब द्यायच्या आधी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, नाकात घाला, घशात घाला, काय तपासायचं ते तपासा. पन परत दुधाचं उदाहरन देऊ नका."

निगेटिव्ह आला. गंगाधर म्हणतेय मी. दुधाचं मला माहीत नाही.

* * *

ठेच्याचा किस्सा आमच्या सिस्टरचा लाडका. टीव्हीवर सांगितलं होतं, की चव जाते. राधाकाकूंनी ते ऐकलं आणि घरातल्या घरात लॅब उघडली. रोज जेवणाच्या आधी प्रत्येकाच्या हातावर हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवायचा. डोळ्यांत पाणी आलं तर निगेटिव्ह.

आम्ही घरोघर सर्व्हे करत त्यांच्या दारात गेलो, तर काकू आडव्या आल्या. "आमच्याकडं तपासनीची गरज न्हाई. आज सकाळी समदे रडले."

खरोखर आत काका नाक पुसत बसले होते. सासूबाई पदरानं डोळे टिपत होत्या. सासूबाईंचं वय बघून सिस्टरनं हट्ट धरला, आणि सगळ्यांची अँटिजेन टेस्ट झाली. सगळे निगेटिव्ह. पॉझिटिव्ह एकट्या राधाकाकू.

"काकू, काही त्रास होतोय का?"

"काय बी न्हाई."

"चव लागते?"

काकूंनी विचार केला. मग म्हणाल्या, "घरातले चार दिवस म्हनतायत मीठ जास्त झालं, मीठ कमी झालं. मला वाटलं त्यांचीच जीभ बिघडली."

"अहो, पण तुम्ही ठेचा खाऊन बघितला नाही का?"

"मला कोन वाढनार?" काकू म्हणाल्या. "तपासनी घरच्यांची हुती."

आम्ही तोवर काकूंना 'लक्षणं नाहीत' मध्ये धरलं होतं. सिस्टरनं ते खोडलं. दारातून निघताना ती काकांवर एवढी डाफरली, की पुढचे दहा-बारा दिवस काकांनी स्वतः भाकरी थापल्या. कशा झाल्या ते कुणी सांगत नाही.

* * *

आता टक्केवारी. शेजारच्या वाडीच्या सरपंचांनी आम्हाला सरळ सांगितलं होतं, "आमच्या वाडीत कोरोना न्हाई आन् तुमी आनू बी नका." म्हणून वाडीत तपासणीच झाली नव्हती. फक्त एका गृहस्थांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रिपोर्ट लागत होता, ते आपणहून आले. पॉझिटिव्ह निघाले. त्रास काही नाही.

संध्याकाळच्या तक्त्यात वाडीपुढे काय आलं? तपासले एक, बाधित एक. पॉझिटिव्हिटी शंभर टक्के! आणि हा तक्ता कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. कुणीतरी त्याला लाल रंग लावून स्टेटस ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सरपंच बुलेटवर दवाखान्यात हजर. मुलीच्या सासरहून फोन आला होता, की तुमचं सगळं गाव झोपलंय म्हणे.

"मॅडम, शंभर टक्के म्हंजी समदी वाडी? मी सोता तुमच्याम्होरं हुबा हाय!"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, शांतपणे समजावलं. एकच माणूस तपासला आणि तोच निघाला तर शंभर टक्केच होणार. दहा जण तपासले आणि एक निघाला तर दहा टक्के. सरपंचांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला.

"म्हंजी निगेटिव्ह लोकं वाढवली की टक्का उतरतो?"

"तपासणी वाढवली की उतरतो, सरपंच."

"एकच हाय."

त्याच दुपारी मारुतीच्या देवळावरचा भोंगा सुरू झाला. ज्या वाडीत आम्हाला पाय ठेवू देत नव्हते, तिथं आम्हाला मांडव, टेबल, पंखा आणि लिंबू सरबत. सरपंच स्वतः घराघरातून माणसं काढत होते. पॉझिटिव्हही निघाले, बहुतेकांना काहीच त्रास नव्हता, आणि त्यातल्या तिघांच्या घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं होती. ती वेळेत बाजूला काढता आली. मला तेवढंच हवं होतं. सरपंचांना टक्का हवा होता. दोघांचं काम झालं.

पण मग त्यांना कळलं, की पलीकडच्या गावाचा टक्का आपल्यापेक्षा कमी आहे. आम्ही सामान आवरत होतो, तेवढ्यात सरपंच एका दणकट गड्याला दंडाला धरून घेऊन आले. त्याची सकाळीच टेस्ट झाली होती.

"मॅडम, ह्यो एकदम खात्रीचा निगेटिव्ह हाय. ह्याला अजून दोनदा तपासा."

* * *

एवढं सगळं करून आम्हाला मिळालं काय? व्हीसीत बोलणी. दर आठवड्याला वरिष्ठ सगळ्या केंद्रांना स्क्रीनवर घ्यायचे. आमचा आकडा सगळ्यांत मोठा. शेजारच्या एका केंद्राचा आकडा जवळजवळ शून्य.

"मॅडम, तुमच्याकडेच एवढे कसे? जरा शेजाऱ्यांकडून शिका."

मी म्हटलं, "सर, शिकते की. त्यांच्याकडचे टेस्टिंग किट अजून खोक्यातच आहेत. तेवढे आम्हाला पाठवा. त्यांचे निम्मे लोक तसेही आमच्याकडेच तपासायला येतात."

शेजारच्या डॉक्टरांचा कॅमेरा बंद झाला. वरिष्ठांनी घसा खाकरला. चार दिवसांनी किट आले. त्या दिवशी मामांनी न सांगता सगळ्यांना भेळ आणली.

* * *

आकडा कुणाचा, हे भांडण मात्र एकदा फार जिव्हारी लागलं. ऊसतोडीचा हंगाम चालू होता. पाथर्डीकडच्या टोळ्या आमच्या शिवारात पाचटाच्या कोप्या घालून राहिल्या होत्या. तिथं तपासणी केली, तर पारूबाई नावाची एक बाई पॉझिटिव्ह. त्रास काही नाही, सकाळपासून मोळ्या बांधत होती. तिच्या कोपीत तिची थकलेली सासू. दोघींना आम्ही शाळेत दोन वेगळ्या खोल्यांत आणून ठेवलं.

आमच्या ऑपरेटरनं आधार कार्डावरचा पत्ता टाकला. लगेच तिकडून फोन. "पेशंट तुमच्याकडे, तपासणी तुमची, मग आकडा आमच्यात कसा?" आकडा काढून आमच्यात घेतला, तर आमच्या तालुक्याचा फोन. "पत्ता तिकडचा, आकडा आपल्यात कशाला?" मी शाळेच्या व्हरांड्यात दोन कानांना दोन मोबाईल लावून उभी. दोन्हीकडून एकच शब्द येत होता, "तुमचा, तुमचा."

पारूबाई खोलीच्या दारात बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, ऊस तोडायचा आसला की तुमच्याकडचे म्हनत्यात आमची मान्सं. मतदान आलं की तिकडचे जीप पाठिवत्यात, म्हनत्यात आमची मान्सं. आजारी पडल्यावर आमी कुनाचीच न्हाईत व्हय?"

मी दोन्ही फोन ठेवून दिले. ऑपरेटरला सांगितलं, "आपल्यात घे. मी बघते."

व्हीसीत पुन्हा बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली. पारूबाईच्या सासूला शेवटपर्यंत ताप आला नाही. मामाही पाथर्डीकडचेच. त्यांचा सख्खा भाऊ ऊसतोडीला जातो. त्या दिवशी शाळेतून परतल्यावर गाडीची किल्ली काढत मामा म्हणाले, "मॅडम, त्या बाईला आपल्यात घेतलं ते लई बरं केलं."

* * *

आणि आता हा शेवटचा. खरं तर हा लता सिस्टरचा, पण तिला सांगताना मध्येच थांबावं लागतं, म्हणून मी सांगते.

दूध संस्थेच्या तात्यांचे वडील म्हणजे आबा. ऐंशीच्या पुढचे. तात्यांनी आदर्श म्हणून सगळ्या घराची तपासणी करून घेतली. घरातले सगळे निगेटिव्ह आणि एकटे आबा पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, ऑक्सिजन उत्तम, आणि भाकरी उशिरा मिळाली म्हणून सुनेवर चिडलेले.

तात्या चक्रावले. "आबा वर्षभर वट्ट्याखाली उतरले न्हाईत. घरात कुनाला न्हाई. मग ह्यांना कुठनं?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तात्यांच्या घराला चिकटून त्यांच्या चुलत्याचं, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाचं, किसननानांचं घर. मधे एकच भिंत. विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. तात्यांच्या लग्नातही नाना नव्हते, यावरून काय ते समजा. एकमेकांच्या दारात पाय नाही. गावच्या पंगतीत दोघांना कुणी एका ओळीत बसवत नाही. आम्ही शेजारी म्हणून नानांच्या घरीही तपासणीला बोलावलं, तर नानांच्या मुलानं निरोप पाठवला, "आमचा त्यांच्याशी काय बी संबंध न्हाई."

लता सिस्टर आबांसमोर अंतर ठेवून बसली. "आबा, तुमच्याजवळ कोण येऊन बसतं?"

"कुनी न्हाई."

"तुम्ही कुणाकडे जाता?"

"मी कुठं जातो? दुपारचं म्हशीला पानी दावतो, येवढंच."

तात्या म्हणाले, "आबा, म्हशीला पानी तर मीच दावतो की."

आबांनी तोंड फिरवलं. सिस्टरनं आवाज खाली आणला. तिचा एवढा हळू आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"आबा, तुमची छाती दणकट. तुम्हाला काही झालं नाही. पण तुम्ही ज्याच्याजवळ बसलात त्याची तशी नसेल तर? मी एकदा उशिरा पोचलेय. मला परत उशीर करायचा नाही. नाव सांगा."

आबा काठीनं जमीन उकरायला लागले. मग म्हणाले, "समजा त्याला दमा आसंल तर?"

"कुणाला?"

"आसंच इचारतो."

"दमा असेल तर आजच्या आज दवाखाना, आबा."

आबा उठले. काठी टेकत घराच्या मागे गोठ्यात गेले. आम्ही लांबून मागोमाग. गव्हाणीच्या वर, दोन घरांच्या मधल्या भिंतीतला एक दगड निघालेला होता. भोक जेमतेम हात जाईल एवढं. त्याच्या कडेवर चुन्याची डबी ठेवलेली.

"हितनं," आबा म्हणाले. "तमाखू त्याची, चुना माझा."

"कुनाची तमाखू?" तात्यांनी विचारलं. खरं तर त्यांना कळलं होतं.

"किसन्याची." आबा म्हणाले. "परवापासनं आला न्हाई. मी भितीवर काठी वाजवली, तरी आला न्हाई."

तात्या तसेच निघाले. पायात चप्पल नाही, अंगात बनियन. ज्या दाराशी ते कळत्या वयापासून उभे राहिले नव्हते ते दार त्यांनी दोन्ही हातांनी बडवलं. नानांच्या मुलानं उघडलं. आत नाना खाटेवर बसून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होते. घरच्यांना वाटलं, नेहमीचा दमा आहे. सिस्टरनं बोटाला मशिन लावलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मामांना हाक मारली.

स्ट्रेचर एका बाजूनं तात्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं नानांच्या मुलानं. नाना आज ठणठणीत आहेत, नाहीतर हा किस्सा मी चहाबरोबर सांगितला नसता.

मी आणि सिस्टर त्यांच्यासोबत मागे बसलो. मास्क लावला, ऑक्सिजन सुरू केला, श्वास जरा सावरला. मग सिस्टरनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, कारण तो विचारावाच लागतो.

"नाना, गेल्या आठवड्यात कुणाकुणाच्या जवळ गेला होतात?"

नानांनी मान हलवली. कुणाच्याच नाही.

"आबा रोज दुपारी भिंतीपाशी यायचे ना?"

मास्कच्या आतून आवाज आला, "त्याचं नाव काढू नका. आमचं बोलनं बंद हाय."

अँब्युलन्स फाट्यावरून नाशिक-पुणे रोडला लागली. नानांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले. तेवढ्यात त्यांनी मास्क खाली ओढला. मी रागावून तो परत लावायला गेले, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, त्याला काय झालं न्हाई ना?"